सोडायची राहिलेली तार

दोन्ही हातांत वडिलांच्या बोन्सायची, कुंडीत वाढवलेल्या बुटक्या पाइनची कुंडी, खांद्यावरून घसरणारी पिशवी, डोक्यावर फेब्रुवारीचा गारठलेला भुरभुर पाऊस, आणि समोर सभागृहाचं बंद दार. चिझुरू मनाबे ते दार कोपराने आत ढकलून ढकलून दमली होती. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं.

मागून एक हात आला आणि त्याने दार सहज ओढलं. चिझुरू आभार मानायला वळली, तर मागचा माणूस कमरेत वाकलेला. तिच्यासमोर नव्हे – कुंडीतल्या पाइनसमोर. मग तो सरळ झाला, काचांवर थेंब साचलेल्या चष्म्यातून त्याला ती दिसली, आणि तो पुन्हा वाकला.

“आधी झाडाला नमस्कार केलात,” ती म्हणाली.

“झाड वयाने मोठं आहे,” तो म्हणाला. “चुकलं का?”

“चुकलं नाही. पण हात माझे भरून आलेत, झाडाचे नाही.”

तो ओशाळला आणि त्याने घाईघाईने कुंडी स्वतःच्या हातात घेतली. आता पंचाईत त्याची झाली. चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला आणि सावरायला हात मोकळा नव्हता. तो मान वर करून, हनुवटी आभाळाला लावून चालू लागला. चिझुरू ताकामात्सूच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकाकानांशीच तिचा संबंध. तिचं बोट पुढे गेलं ते निव्वळ सवयीने. तिने चष्मा अलगद वर सरकवला… आणि मग तिच्या लक्षात आलं, की हे दुकान नाही आणि हा माणूस गिऱ्हाईक नाही.

“डावी दांडी सैल आहे,” ती कशीबशी म्हणाली.

“दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

शुहेई मियोशी त्याचं नाव. जिल्ह्याच्या तळ्यांच्या कचेरीत तो कामाला होता. शेतीच्या तळ्यांचे बांध तपासत हिंडायचं, आणि सुटीच्या दिवशी किनाशी बोन्साय मंडळात यायचं. मंडळात बाकी सगळी निवृत्त मंडळी. अध्यक्ष तोगावा तर इतकी वर्षं अध्यक्ष होते, की त्यांची बायकोही त्यांना अध्यक्ष म्हणूनच हाक मारायची. चिझुरूचे वडील याच मंडळात होते. मागच्या शरदात ते गेले, आई थोरल्या बहिणीकडे ओसाकाला राहायला गेली, आणि घर आणि पाइन चिझुरूच्या वाट्याला आले. तिला झाडातलं काही कळत नव्हतं. सुकवलं तर वडिलांना काय तोंड दाखवणार, या धास्तीने ती मंडळात आली होती.

सभागृहाच्या दारावर वर्षभराचे कार्यक्रम अध्यक्षांच्या ठसठशीत अक्षरात लावलेले असत. फेब्रुवारीत फांद्या वळवायला तार बांधणं, मार्चमध्ये कुंड्या बदलणं, मेमध्ये शेवाळ गोळा करायला डोंगरावर सहल, पावसाच्या अखेरीस नवे कोंब खुडणं, नोव्हेंबरात प्रदर्शन आणि नव्या वर्षात जेवण. फेब्रुवारीच्या सभेत अध्यक्ष मंडळाचे नियमही म्हणून दाखवत, आणि सगळे देवळात बसल्यासारखे मान खाली घालून ऐकत. त्यातले दोन नियम सगळ्यांना तोंडपाठ होते. ज्याने तार बांधली, त्यानेच ती सोडायची. आणि दुसऱ्याच्या घरच्या झाडांपाशी बोलावल्याशिवाय जायचं नाही.

पाइनची सगळ्यात खालची, डावीकडची फांदी हट्टी होती. ती वरच बघायची. ही एवढी खाली आली की झाड पूर्ण झालं, असं वडील दरवर्षी म्हणायचे, आणि दरवर्षी ती पुन्हा वर जायची. चिझुरूने हे सांगितलं तसा शुहेई झाडासमोर बसला. त्याने तांब्याची तार घेतली आणि फांदीला बुंध्यापासून टोकापर्यंत वळसे द्यायला सुरुवात केली. त्याची बोटं मातीत काम करणाऱ्याची होती, जाडसर, पण तार त्यांच्यातून पाण्यासारखी जात होती. चिझुरू फांदीकडे बघत होती असं तिला वाटत होतं. शेजारी शेवाळ निवडत बसलेल्या कामेईबाईंना ती कुठे बघतेय ते बरोबर कळत होतं.

“दुखत नाही ना तिला?” चिझुरूने विचारलं.

“हळूहळू वाकवली तर नाही. घाई केली तर मोडते.”

“आणि उशीर केला तर?”

“वाकवायला उशीर चालतो,” तो म्हणाला. “सोडायला चालत नाही. फांदी जाड होते आणि तार सालीत रुतून बसते.”

दोन्ही अंगठे लावून त्याने फांदी वाकवली. किंचित करकर झाली… चिझुरूने श्वास रोखला… आणि फांदी खाली आली. वडिलांना हवी होती तिथे. चिझुरूच्या डोळ्यांत पाणी आलं. शुहेईने ते पाहिलं आणि तो काही न बोलता उगाच तारेचं टोक तपासत राहिला. त्या न बोलण्यासाठी तो तिला फार आवडला. पुढे याच न बोलण्याने घात केला, पण तो पुढे.

निघताना तिने त्याचा चष्मा मागून घेतला, सभागृहातल्या किटलीच्या वाफेवर दांडी धरली आणि हलकेच वाकवून दिली. “तुम्ही माझी फांदी वाकवलीत,” ती म्हणाली. “फिटंफाट.”

“फिटलं तर पुढच्या महिन्यात कशासाठी बोलायचं?” तो म्हणाला, आणि आपण हे बोललो याचंच त्याला नवल वाटलेलं दिसलं.

पुढच्या महिन्यात बोलायला पुष्कळ निघालं. मार्चमध्ये माती चाळताना दोघांचे चेहरे धुळीने माखले. मेमध्ये शेवाळ गोळा करताना चिझुरूचा पाय घसरला आणि त्याने तिचा हात धरला, आणि वाट सपाट झाल्यावरही बराच वेळ सोडायचं विसरला. दर सभेनंतर दोघं कोपऱ्यावरच्या उदोनच्या दुकानात जात. तो रश्शातल्या त्या जाड शेवया इतक्या जोरात भुरकायचा, की तिच्या बाहीवर रश्शाचे थेंब उडत, आणि ती रागावल्याचं सोंग करी. दारावरच्या कागदावर पुढचा कार्यक्रम कधी आहे, हे ती आता येताना एकदा आणि जाताना एकदा वाचायची. कामेईबाई म्हणायच्या, पाठ झालं असेल आता, परीक्षा घेऊ का?

कोंब खुडायच्या सभेला पाऊस जोरात होता. उदोनच्या दुकानाच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या आणि आत ती दोघंच होती.

“या पावसानंतरचा उन्हाळा सरला की फांद्या जाड व्हायला लागतात,” शुहेई वाटीत बघत म्हणाला. “तुमची तार त्याआधी सोडायला हवी.”

“मग कधी येताय?”

“तुम्ही बोलवाल तेव्हा.”

“सोडणारे तुम्ही. दिवस तुम्ही सांगायचा.”

“घर तुमचं. बोलवायचं तुम्ही.”

“पण नियम तुमच्या बाजूचा आहे, मियोशीसान. बांधणाऱ्याने सोडायची.”

“दुसरा नियम तुमच्या बाजूचा आहे. बोलावल्याशिवाय यायचं नाही.”

दोघं हसली. मोठी गोड वाटत होती ही ओढाताण, आणि ती मिटवायची कुणालाच घाई नव्हती. मग शुहेईने काड्या खाली ठेवल्या. “त्या दिवशी… एक विचारायचंही आहे.”

चिझुरूने वाटी बाजूला सारली. “आत्ता विचारा की.”

“आत्ता तोंडात उदोन आहे,” तो म्हणाला, आणि त्याचे कान पहिल्या दिवसासारखे लाल झाले.

पाऊस उघडला, दोघं बाहेर आली. दिवस काही ठरला नाही.

सप्टेंबरात वादळ आलं आणि सभा रद्द झाली. चिझुरूने पाइन आत घेतला, दाराशी ठेवला, आणि झाड कसं आहे हे विचारायला त्याचा फोन येईल म्हणून दोन दिवस फोन खिशात घालून वावरली. तो त्या दिवसांत फुटलेले बांध बघत चिखलात हिंडत होता, हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिला एवढंच कळलं, की फोन आला नाही. ज्याला यायचं असतं तो येतो, असं तिने स्वतःला सांगितलं. मीच का बोलावू, विचारायचं त्याला आहे की मला? लाज होती, थोडा तोरा होता, आणि लाजेला टेकायला मंडळाचा नियम होताच.

ऑक्टोबरच्या सभेत तो तिच्याजवळ आला. “झाड कसं आहे?”

आत्ता बोलाव, असं तिचं मन ओरडत होतं. “मजेत आहे,” ती म्हणाली, आणि वाट बघत राहिली, की तो म्हणेल, मग येऊ का?

तोही वाट बघत राहिला. मग म्हणाला, “छान. छान.” अध्यक्षांनी प्रदर्शनाच्या मांडणीसाठी हाक मारली आणि तो गेला.

तार रुतत चालली होती. आधी सालीवर नुसती रेघ दिसत होती, मग तिच्या दोन्ही बाजूंनी साल फुगून आली. एका सकाळी चिझुरूने वडिलांची तार कापायची कात्री खिळ्यावरून काढली आणि पहिल्या वळशाला लावली. दाबायची तेवढी बाकी होती. तिने कात्री पुन्हा खिळ्याला अडकवली. तार सोडली असती तर त्याला घरी यायला काही कारणच उरलं नसतं. झाडाचं नुकसान तिला कळत होतं. पण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला तो आहे असं तिला वाटत होतं, आणि ते टोक तिच्याने सोडवेना.

तार असलेलं झाड प्रदर्शनात मांडत नाहीत. नोव्हेंबरात ती चहाच्या टेबलामागे उभी राहिली. शुहेई सगळ्या झाडांसमोरून दोनदा फिरला, तिच्या वडिलांचा पाइन शोधत. शेवटी त्याने लांबूनच तिला नमस्कार केला. गर्दी होती. तिच्या हातात कपांचा ट्रे होता.

नव्या वर्षाच्या जेवणाला अध्यक्षांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, की आपल्या मियोशींचं लग्न ठरलं. त्याच्या कचेरीतल्या साहेबांच्या बायकोने स्थळ आणलं होतं. मुलगी मारुगामेची, शाळेत संगीत शिकवते, वसंतात लग्न. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिझुरूनेही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता तिच्या लक्षात आलं, की शुहेईच्या नाकावर नवा चष्मा आहे. चांगला बसलेला होता. कुणीतरी नीट बघून निवडलेला होता.

कामेईबाईंनी टेबलाखालून तिचा हात दाबला. त्यांनी थट्टा केली नाही, तेव्हा चिझुरूला रडू आलं. ती हात धुवायला म्हणून उठून गेली.

फेब्रुवारीत पुन्हा तार बांधायची सभा आली. न जाण्याचं तिने ठरवलं होतं. पण झाडाचं काय? रुतलेल्या तारेने फांदी मेली असती तर वडिलांची इतक्या वर्षांची इच्छाही गेली असती. ती पाइन घेऊन गेली आणि तिने दार या वेळी बाहेर ओढून उघडलं. मधल्या टेबलावर तिने कुंडी ठेवली.

शुहेई आला, सवयीने झाडासमोर वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याला फांदी दिसली होती. साल तारेवरून अशी चढली होती, की काही वळसे अर्धेच दिसत होते. तो हळूच खाली बसला.

“सोडली नाहीत,” तो म्हणाला.

“सोडणारे तुम्ही होता.”

“तुम्ही बोलावलं नाहीत. मला वाटलं, दुसऱ्या कोणाकडून सोडवून घेतलीत. म्हणजे… नको आहे तुम्हाला.”

“दुसऱ्या कोणाला मी हात लावू दिला असता का?” चिझुरू म्हणाली, आणि तिचा आवाज तिला ऐकवेना.

त्याने कात्री घेतली. रुतलेली तार उलगडून काढता येत नाही, एकेक वळसा कापून तुकड्या-तुकड्याने उचलावा लागतो. तो कापत होता आणि टेबलावर तांब्याचे छोटे छोटे तुकडे पडत होते. एवढ्यात अध्यक्ष मागे येऊन उभे राहिले.

“अरे, हे काय केलंत? इतके महिने तार?” ते चिझुरूवर उखडले. “घरात कात्री नव्हती? एक वळसा कापायला किती वेळ लागतो?”

“नियम आहे ना तुमचा,” कामेईबाई मध्ये पडल्या. “बांधेल त्याने सोडायची.”

“तो नियम?” अध्यक्षांनी टकलावरून हात फिरवला. “अहो, तांबं महाग झालं होतं त्या वर्षी. मी सगळ्यांच्या झाडांना तार बांधायचो आणि लोक काढलेली तार घरी घेऊन जायचे. म्हणून केला तो नियम, माझी तार मला परत मिळावी म्हणून. झाडाशी काय संबंध त्याचा?”

सभागृहात हशा पिकला. कामेईबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अध्यक्षांची बाही धरली, चहा गार होतोय म्हणून त्यांना ओढून नेलं, आणि बाकीच्यांनाही डोळ्यांनी मागे बोलावलं. टेबलापाशी दोघंच राहिली.

“मी आलो होतो,” शुहेई म्हणाला. नजर फांदीवरच होती. “ऑक्टोबरात. सभेनंतरच्या रविवारी. खिशात कात्री घेऊन तुमच्या गल्लीच्या टोकापर्यंत आलो होतो. तुम्ही झाडाला पाणी घालत होता. पाठमोऱ्या. बोलावलेलं नाही, म्हणून… परत फिरलो.”

चिझुरूला ती सकाळ आठवेना. अशा कितीतरी सकाळी तिने पाणी घातलं होतं, आणि कितीतरी वेळा उगाचच गल्लीकडे वळून बघितलं होतं. त्या एका सकाळी तेवढं बघितलं नव्हतं.

“हाक का नाही मारली हो?” ती म्हणाली. “नुसती हाक.”

त्याने आणखी एक वळसा कापला. बाहेर पागोळ्या गळत होत्या, पलीकडे कप वाजत होते.

“त्या दिवशी तुम्ही काय विचारणार होता, ते आता सांगू नका,” चिझुरू म्हणाली. “तिकडे कुणीतरी तुमच्या भरवशावर लग्नाची तयारी करतंय. पण माझं उत्तर तुम्हाला माहीत असावं. मी हो म्हणणार होते.”

शुहेईने कात्री खाली ठेवली. चष्मा काढला, हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा घातला. तिला हात पुढे करावा लागला नाही, चष्मा जिथल्या तिथे बसला.

उरलेले वळसे कापून झाल्यावर तो म्हणाला, “शेवटचा तुकडा निघत नाही. साल पूर्ण मिटलीय त्याच्यावर. ओढला तर फांदी जाईल.”

“राहू दे,” ती म्हणाली.

तार गेली तरी फांदी वर आली नाही. वडिलांना हवी होती तिथेच राहिली. उन्हाळाभर चिझुरूने झाड सांभाळलं, दुसऱ्या फांद्यांना स्वतः तार बांधली आणि वेळ होताच स्वतः सोडली. नोव्हेंबरात पाइन प्रदर्शनात मांडला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, थोडा फिरवून ठेवू, म्हणजे फांदीवरचे वळ दिसणार नाहीत. ती नको म्हणाली. वडिलांनी झाडाची जी बाजू पुढची ठरवली होती, ती तिने तशीच ठेवली.

दुपारी चिझुरू चहाचा ट्रे घेऊन फिरत होती, तेव्हा शुहेई बायकोला घेऊन आला. बायको हसरी होती, आणि चिझुरूला ती आवडली, हे जास्तच अवघड होतं. बायकोला झाडं निवांत बघता यावीत म्हणून तिची पिशवी आणि दोघांच्या छत्र्या त्याने स्वतःच्या हातांत घेतल्या होत्या. ती पाइनसमोर थांबली.

“किती सुंदर,” ती म्हणाली. “पण या फांदीवर हे वळ कशाचे?”

शुहेईने हातातल्या छत्र्या सावरल्या.

“तार सोडायला उशीर झाला,” चिझुरू म्हणाली.

“अरेरे. म्हणजे बांधणारा विसरला?”

“नाही, तो विसरला नव्हता. कात्री माझ्याच घरात होती.”

शुहेई झाडासमोर वाकला. नवी फ्रेम एव्हाना सैल झाली होती. चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला, आणि दोन्ही हात भरलेले म्हणून त्याने मान वर करून हनुवटी आभाळाला लावली. चिझुरूचं बोट ट्रेच्या काठावरून उचललं गेलं… तेवढ्यात बायकोने हसत चष्मा वर सरकवला.

“डावी दांडी सैल आहे,” चिझुरू तिला म्हणाली. “दुकानात घेऊन या. दोन मिनिटांचं काम आहे.”

मग ती ट्रे घेऊन पुढच्या पाहुण्यांना चहा द्यायला गेली.